साखळी करवत : सामर्थ्य आणि संयम

पाठाचा परिचय

आपण रोज अनेक अवजारे वापरतो. विळी, कात्री, कोयता, पक्कड ही त्यांतील काही. ती हातात इतकी रुळलेली असतात की त्यांचा आकार तसाच का, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. प्रत्येक अवजाराच्या आकारामागे मात्र कोणाचा तरी विचार असतो. कधी कोणाचा तरी कटू अनुभवही असतो. प्रस्तुत पाठात लाकूड कापणाऱ्या एका यंत्राची माहिती दिली आहे. या यंत्राला साखळी करवत म्हणतात. बोलण्यात 'चेन-सॉ' हा शब्दही रूढ आहे. हे यंत्र कसे घडले, ते कसे चालते, त्याला आजचे रूप कसे मिळाले आणि त्याच्या शक्तीला आवर घालण्याची गरज का भासली, हे आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला

• साखळी करवतीच्या मुख्य भागांची कार्ये सांगता येतील;
• यंत्राचे रूप आणि त्याचे कार्य यांतील संबंध स्पष्ट करता येईल;
• यंत्रातील सुरक्षिततेच्या योजनांचे महत्त्व पटवून देता येईल;
• तांत्रिक विषयावर सोप्या व नेमक्या मराठीत लेखन करता येईल.

मूळ पाठ

१. दातांची न थांबणारी फेरी

सुताराच्या हातातील करवत तुम्ही पाहिली असेल. ती पुढे ढकलावी, मागे ओढावी आणि प्रत्येक फेरीला चिमूटभर भुसा खाली पडावा, अशी तिची चाल असते. मोठा ओंडका कापायचा असला की दोन माणसे दोन टोकांना उभी राहून लांब करवत आळीपाळीने ओढतात. या कामात पुष्कळ श्रम आणि वेळ खर्ची पडतो, कारण पुढे गेलेल्या दातांना दर खेपेस मागे यावे लागते. साखळी करवतीने हे मागे येणेच काढून टाकले. दात एका साखळीवर बसवले आणि ती साखळी एका सपाट पात्याच्या कडेने अखंड फिरत ठेवली. दात एकाच दिशेने धावत राहतात आणि कापण्याचे काम क्षणभरही थांबत नाही.

ही कल्पना प्रथम रानात सुचली नाही, ती वैद्यकात सुचली, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या वैद्यांनी हाडे कापण्यासाठी दातेरी साखळीचे एक छोटे साधन वापरात आणले. ते हातानेच ओढले जाई. पुढे १८३० मध्ये जर्मनीतील बर्नहार्ड हाइने यांनी हाडे कापण्याचे 'ऑस्टिओटोम' नावाचे उपकरण बनवले. त्यात दांडा फिरवला की लहान दातांची साखळी पात्याभोवती फिरत असे. आजच्या साखळी करवतीचे बीज या उपकरणात स्पष्ट दिसते.

लाकडासाठी हे तत्त्व उपयोगात आले ते विसाव्या शतकात. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी थुरिंगिया प्रांतातील डोलमार नावाच्या डोंगरावर घेतली. तिचे वजन ५८ किलोग्रॅम होते. श्टील यांची १९२९ ची पेट्रोल करवत ४६ किलोग्रॅम वजनाची आणि ६ अश्वशक्तीची होती. ही यंत्रे चालवण्यासाठी दोन माणसे लागत. हाताच्या करवतीपेक्षा ती कितीतरी वेगवान होती. परंतु ती रानात वाहून नेणे हेच एक मोठे काम होते.

२. अळीने शिकवलेला धडा

इंजिन शक्तिमान झाले तरी साखळीचे दात जुन्याच घडणीचे होते. ते लाकूड कापण्यापेक्षा खरवडत अधिक. लवकर बोथट होत, आणि मग त्यांना कानस लावण्यात दिवसाचा मोठा भाग जाई. या अडचणीतून मार्ग दाखवला तो एका अळीने.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स नावाचे एक लाकूडतोडे होते. १९४६ मध्ये सरपणाचे लाकूड फोडत असताना त्यांना एका जुन्या बुंध्यात भुंग्याच्या जातीच्या एका कीटकाची अळी दिसली. ही अळी बोटाएवढी जाड होती आणि टणक लाकडातून सहज वाट काढत होती. लाकडाच्या रेषेला धरून जावे किंवा रेषेला आडवे जावे, तिला दोन्ही सारखेच होते. कॉक्स यांनी तिचे निरीक्षण केले. तिचे दोन जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळलेले होते. ती आधी डावीकडचे लाकूड कुरतडी, मग उजवीकडचे, मग पुन्हा डावीकडचे. कॉक्स यांनी पोलादाचे दात त्याच घाटाचे घडवले आणि साखळीवर एक डावा, एक उजवा असे बसवले. १९४७ मध्ये पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरात त्यांनी अशा साखळ्या बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक साखळ्यांची मूळ घडण तीच आहे.

हा दात नीट पाहण्यासारखा असतो. त्याला दोन धारा असतात. उभी धार लाकडाचे तंतू बाजूने छेदते. आडवी धार सुताराच्या रंध्याप्रमाणे ते तंतू तळातून उचलून ढलपी काढते. प्रत्येक दाताच्या पुढे एक लहानसा उंचवटा ठेवलेला असतो. दाताने लाकडात किती खोल शिरावे, हे तो उंचवटा ठरवतो; म्हणून त्याला खोलीमापक म्हणतात. दाताच्या धारेपेक्षा तो साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली असतो. तो अधिक उंच राहिला तर दात लाकडाला नुसता घासून जातो. तो अधिक झिजवला तर दात एकदम मोठा घास घेतो आणि करवत हाताला हिसका देते. अर्ध्या मिलिमीटरच्या या फरकावर कामाचा वेग आणि माणसाची सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात.

धार तपासण्याची खूण अगदी सोपी आहे. खाली पडते ते पाहावे. सुटसुटीत ढलप्या पडत असतील तर दातांना धार आहे. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर दात बोथट झाले आहेत. धारदार साखळी आपणहून लाकडात उतरते. बोथट साखळीवर माणूस जोर देऊ लागतो, आणि अपघाताला निमंत्रण तेथूनच मिळते.

३. शक्ती वाढली, भार घटला

रानातील करवत कधी आडवी धरावी लागते, कधी उभी, तर कधी पूर्ण उलटी. मोटारसायकलच्या नेहमीच्या इंजिनाला अशा कोलांट्या मानवत नाहीत. त्याच्या तळाशी तेलाचा साठा असतो आणि कार्बुरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा गोळा असतो. इंजिन उलटे झाले की दोन्ही निकामी होतात. साखळी करवतीत म्हणून द्विघाती इंजिन वापरतात. त्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. आजच्या अनेक यंत्रांत पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल असे प्रमाण असते. कार्बुरेटरमध्येही तरंगत्या गोळ्याऐवजी एक लवचीक पडदा असतो. त्यामुळे करवत कशीही धरली तरी इंजिनाला पेट्रोल मिळत राहते.

इंजिन मंद चालत असताना साखळी स्थिर असते. वेग वाढला की केंद्रोत्सारी क्लचमधील वजने बाहेर फेकली जातात, भोवतालच्या डब्याला घट्ट बिलगतात आणि दातेरी चक्र फिरू लागते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. हा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर जातो. इतक्या वेगातील घर्षणाने पाते जळून जाऊ नये म्हणून साखळीवर सतत तेल सोडले जाते. पात्याच्या खाचेतून धावणाऱ्या कड्या ते तेल टोकापर्यंत वाहून नेतात.

अभियंत्यांची खरी कसोटी वजनात होती. श्टील कंपनीने १९५० मध्ये एका माणसाला चालवता येईल अशी १६ किलोग्रॅमची करवत आणली. १९५९ च्या 'कोंट्रा' या करवतीचे वजन १२ किलोग्रॅम होते आणि शक्ती ६ अश्वशक्ती. १९२९ मध्ये जेवढ्या शक्तीसाठी ४६ किलोग्रॅमचे यंत्र दोघांना उचलावे लागे, तेवढी शक्ती तीस वर्षांत एकट्या माणसाच्या हाती आली. याच कंपनीच्या, इंधन मोजून फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक योजनेच्या 'एमएस ५०० आय' या अलीकडच्या करवतीचे वजन पाते व साखळी वगळता ६.२ किलोग्रॅम असून तिची शक्ती ५ किलोवॉट, म्हणजे जवळजवळ ७ अश्वशक्ती आहे. हलक्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच, थेट चक्राला जोडलेले वेगवान इंजिन आणि इंधनाचे नेमके मोजमाप यांनी हा पल्ला गाठला.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.

(१) कॉक्स यांना नव्या दाताची कल्पना कशावरून सुचली?
(अ) सुताराच्या रंध्यावरून (आ) लाकडातील अळीवरून (इ) वैद्यांच्या उपकरणावरून

(२) खाली बारीक भुसा पडू लागला तर त्याचा अर्थ काय?
(अ) लाकूड ओले आहे (आ) तेल अधिक झाले आहे (इ) दात बोथट झाले आहेत

४. आवर घालण्याची कला

हाती आलेली ही शक्ती निर्धोक नव्हती. फिरत्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग चुकून एखाद्या फांदीला लागला की दात तेथे अडकतात; परंतु इंजिनाचा जोर थांबत नाही. तो जोर मग अख्ख्या पात्याला वर आणि मागे, थेट माणसाच्या डोक्याकडे व खांद्याकडे फेकतो. या उसळीला 'किकबॅक' म्हणतात. ती इतकी झटपट घडते की माणसाला सावरण्यास अवसरच मिळत नाही. दुसरा धोका असा लगेच दिसत नसे. इंजिनाची थरथर वर्षानुवर्षे हातांत मुरत राहिल्याने, विशेषतः थंड प्रदेशांतील लाकूडतोड्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा मंदावे. गारठ्यात बोटे पांढरी पडत, बधिर होत, आणि पुढे शर्टाची गुंडी लावणेही अवघड होई.

१९६० च्या दशकापासून करवतीच्या रचनेत या दोन्ही प्रश्नांचा विचार मुळापासून होऊ लागला. मुठी इंजिनापासून अलग केल्या गेल्या आणि मध्ये रबराचे तुकडे किंवा स्प्रिंगा आल्या. थरथर इंजिनापाशीच बरीचशी अडू लागली. १९७० च्या दशकात साखळीचा ब्रेक आला. पुढच्या मुठीसमोर एक आडवे संरक्षक पान असते. करवत उसळली की डाव्या हाताचे मनगट त्यावर आदळते. अनेक यंत्रांत तर नुसत्या उसळीच्या धक्क्यानेही ते पुढे ढकलले जाते. त्याच क्षणी पोलादाची पट्टी क्लचच्या डब्याभोवती आवळते आणि धावती साखळी सेकंदाच्या अल्पांशात थांबते.

आणखी काही योजना लहान आहेत. पण त्यांमागील विचार मोठा आहे. मागच्या मुठीवर एक कळ असते. तळहाताने ती दाबल्याशिवाय वेग वाढवता येत नाही, त्यामुळे झुडपाची काडी अडकून यंत्र अचानक वेग घेत नाही. मागच्या मुठीचा तळ रुंद असतो, कारण साखळी तुटली तर तिचा फटकारा तेथेच बसतो. संरक्षक विजारीच्या आत लांब, चिवट तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागताच हे तंतू ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि साखळी अडते. इंजिनाचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांवर आवरणे लागतात. शिरस्त्राण आणि डोळ्यांवरील जाळी यांची गरज वेगळी सांगायला नको.

विजेऱ्यांवर चालणाऱ्या नव्या करवतींना धूर नाही आणि त्यांचा आवाजही कमी आहे. बागकामासाठी व शहरांत त्यांचा वापर वाढत आहे. मात्र त्यांची साखळी तेवढीच तीक्ष्ण असते. आवाज नाही म्हणून धोका नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

५. रूपाचा अर्थ

आता या यंत्राकडे पुन्हा एकदा पाहा. पाते यंत्राच्या मध्यावर नसून उजव्या अंगाला असते. करवत उसळलीच तर ती शक्यतो माणसाच्या डोक्याच्या उजवीकडून जावी. पुढची मूठ कमानीसारखी वळलेली असते; करवत उभी किंवा आडवी कशीही फिरवली तरी डाव्या हाताला पकड मिळावी. इंजिनासमोर पोलादाची टोकदार नखे असतात. ती ओंडक्यात रोवली की सारे यंत्र तरफेसारखे झुकवता येते. कवचाच्या कडा गोल असतात. ते कपड्यांत वा काटक्यांत अडकू नये. रंग पाहाल तर अनेक कंपन्यांनी नारिंगी, तांबडा किंवा पिवळा निवडला आहे. हिरव्या रानात, पालापाचोळ्यात खाली ठेवलेले यंत्र हे रंग चटकन दाखवून देतात.

या रूपात शोभेसाठी म्हणून घेतलेली रेषा क्वचितच सापडते. बहुतेक प्रत्येक वळण हातासाठी, डोळ्यासाठी किंवा एखादा अपघात टाळण्यासाठी आले आहे. असे असूनही चांगली करवत देखणी दिसते. चांगल्या कोयत्याचे किंवा नांगराचे देखणेपणही याच जातीचे असते. 'करवत' हा शब्द संस्कृतातील 'करपत्र' या शब्दापासून आला आहे. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पाते. इंजिन आले, साखळी आली, तरी या अवजाराच्या नावातील हात सुटलेला नाही. त्याच्या आकारातूनही तो सुटलेला नाही.

६. यंत्र आणि वन

आतापर्यंत आपण करवत धरणाऱ्या माणसाचा विचार केला. तिच्यासमोर उभ्या असलेल्या झाडाचाही विचार करायला हवा. शे-दीडशे वर्षांचा वृक्ष ही करवत काही मिनिटांत आडवा करते. कुऱ्हाडीच्या काळात जंगलतोडीला माणसाच्या दमाची मर्यादा होती. ती मर्यादा या यंत्राने पुसली.

ब्राझीलच्या आक्रे राज्यात हे प्रकर्षाने दिसून आले. तेथील रबराच्या झाडांचा चीक गोळा करून जगणारी कुटुंबे १९७० च्या दशकात जंगल साफ करणाऱ्या टोळ्यांच्या वाटेत एकत्र उभी राहू लागली. करवती चालवणारे मजूरही आपल्यासारखेच गरीब आहेत, हे जाणून ती त्यांना करवती खाली ठेवण्याची विनंती करीत. या चळवळीचे नेते शिको मेंडेस यांची २२ डिसेंबर १९८८ रोजी हत्या झाली. १९९० मध्ये त्यांच्या नावाने तेथे एक राखीव वनक्षेत्र स्थापन झाले, आणि त्या वनावर जगणाऱ्यांना तेथे राहण्याचा आधार मिळाला. आपल्या देशात १९७४ मध्ये गढवालमधील रेणी गावच्या गौरादेवी व त्यांच्या सोबतिणी याच निर्धाराने झाडांच्या आड उभ्या राहिल्या होत्या.

फिलिपीन्सने २००२ मध्ये खास साखळी करवतीसाठीच कायदा केला. त्यानुसार तेथे ती विकणे, बाळगणे आणि वापरणे यांवर सरकारी नियंत्रण आहे. भारतात नियंत्रण आहे ते मुख्यतः वृक्षतोडीवर. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा आणि नागरी भागांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड आपल्या जागेत असले तरी ते तोडण्यापूर्वी अनेकदा परवानगी घ्यावी लागते.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ३ मे २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर 'फनी' चक्रीवादळ आले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. दोन्ही वेळी झाडे पडून रस्ते बंद झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी याच करवतींनी रस्ते मोकळे केले. वाट अडली असता रुग्णवाहिकेसाठी ती जलद उघडून देणारे हे साधन आहे.

ब्रेक साखळीला थांबवतो, खोलीमापक दाताला आवरतो, कळ वेगाला रोखते. कोणते झाड कापावे आणि कोणते राखावे, हे सांगणारा भाग मात्र कोणत्याही कारखान्यात बसवता येत नाही. तो निर्णय करवत धरणाऱ्याचा, झाडाच्या मालकाचा, कायद्याचा आणि समाजाचा असतो. त्या निर्णयातही यंत्राच्या घडणीइतकीच काळजी घेणे आवश्यक आहे.

शब्दार्थ

ढलपी – लाकडाचा पातळ तुकडा
रंधा – लाकूड तासून गुळगुळीत करण्याचे सुताराचे अवजार
कानस – धातू घासून धार लावण्याचे अवजार
द्विघाती – दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत एक आवर्तन पूर्ण करणारे
केंद्रोत्सारी – केंद्रापासून दूर नेणारे
शिरस्त्राण – डोक्याच्या रक्षणासाठी घालायचे कठीण टोप

तुम्ही काय शिकलात?

• साखळीवरील दात अखंड एकाच दिशेने फिरतात, म्हणून ही करवत वेगाने कापते.
• दाताच्या आजच्या घडणीचे मूळ निसर्गाच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणात आहे.
• या यंत्राच्या विकासात आधी शक्ती वाढली व वजन घटले; पुढे त्या शक्तीला आवर घालण्याच्या योजना आल्या.
• यंत्राचे रूप त्याच्या कार्यातून आणि माणसाच्या सुरक्षिततेतून घडते.
• यंत्राच्या वापरासंबंधीचा विवेक माणसालाच बाळगावा लागतो.

स्वाध्याय

१. साखळी करवतीत द्विघाती इंजिन व लवचीक पडद्याचा कार्बुरेटर का वापरतात?
२. 'किकबॅक' म्हणजे काय? साखळीचा ब्रेक त्यावर कसा उपाय करतो?
३. 'या अवजाराच्या नावातील हात सुटलेला नाही' या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. आक्रे येथील रबर गोळा करणारी कुटुंबे आणि रेणी गावच्या स्त्रिया यांच्या कृतीतील साम्य सांगा.
५. तुमच्या घरातील एखादे अवजार निवडा. त्याच्या प्रत्येक भागाचा आकार तसा का आहे, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(१) आ (२) इ